खाऊ देऊन बसवणं ही लाच नव्हे!

राईची_आई:
काल इथे एका काकांनी लिहिलं की खाऊ दाखवून कुत्र्याला बसवणं म्हणजे लाच; पाठीवर दाब द्यावा, पट्ट्याला हिसका द्यावा, दोन दिवसांत सरळ होतं. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेच.

आमची राई चार महिन्यांची असताना एका ट्रेनरने तिला असंच "सरळ" केलं. बसायला शिकली, खरंय. पण नंतर कुणाचाही हात पाठीकडे गेला की शेपूट पायांत घालून जागीच मुतायची. ती भीती जायला आठ महिने गेले. ते कोण मोजतं?

मग मी पहिल्यापासून शिकवलं. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरायचा, नाकाशी न्यायचा आणि हळूच डोक्यावरून मागे. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली. हात उंच गेला तर कुत्रं उडी मारतं, म्हणून नाकाला लागूनच. बूड टेकलं त्या क्षणी "हां!" आणि तुकडा तोंडात. जरा उशीर केलात तर ते उठलेलं असतं, आणि बक्षीस उठण्याला मिळतं. पाच-सहा वेळा जमलं की तीच खूण रिकाम्या हाताने. "बस" हा शब्द त्यानंतर. आणि घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा हो! आमच्याकडे आजी "बैस गं बाई" म्हणायच्या, ती नुसती बघत राहायची.

माळरान:
मीच तो काका. तुमच्या कुत्रीचं ऐकून वाईट वाटलं ताई, पण आम्ही लातूरकडचे, तीन पिढ्या कारवान जातीची शिकारी कुत्री पाळतोय. बांधावर साप निघाला तर खिशात चिकन शोधत बसू का? जनावराला धाक पाहिजे. कळपात म्होरक्या असतोच.

चष्मिस:
म्होरक्याची गोष्ट कोंडलेल्या लांडग्यांवरून आली, रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञाचा अभ्यास, १९४७. ती जगभर पोचवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. धाकाचं शास्त्र त्यावर उभं करू नका.

राईची_आई:
काका, चिकन शिकवताना लागतं, जन्मभर नाही. राईला आता दहांतून दोनदा मिळतं. कधी मिळेल ते तिला ठाऊक नसतं, म्हणून दहाही वेळा बसते.

मधली_आळी:
रोज चिकन कुठून आणायचं? आम्ही पार्ले-जीवर शिकवलं.

गौरी_पुणे:
बिस्किटं नकोत, साखर असते. चॉकलेटची तर मुळीच नकोत. चॉकलेट आणि मनुका कुत्र्यांना विषारी. उकडलेलं अंडं द्या, पनीर द्या.

मधली_आळी:
दहा वर्षं मी गल्लीतल्या अकरा कुत्र्यांना बिस्किटं घालते. नसबंदीला स्वतः रिक्षाने नेलंय. तेव्हा अंडी घेऊन कुणी आलं नाही!

तिसरा_मजला:
आणि तीच बिस्किटं जिन्यात टाकता. मुंग्या, घाण, माझी मुलगी खाली उतरायला घाबरते. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे, खायला घालायची जागा जिन्यापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी.

मधली_आळी:
त्याच नियमांत ती जागा सोसायटीने ठरवायची असंही आहे. आमच्या कमिटीला तीन अर्ज दिले, उत्तर नाही. आधी जागा द्या, मग ओरडा.

तिसरा_मजला:
चौथ्या अर्जावर माझी सही घ्या. पण जिन्यात नको म्हणजे नको.

माळरान:
बिस्किटांचं तुमचं चालू द्या. काल दुधात बुडवलेली भाकरी घेऊन आमच्या राजावर करून पाहिलं. अर्धा वाकला आणि उभा राहिला. झालं का समाधान?

राईची_आई:
कारवान अंगाने सडसडीत, मांड्या घट्ट. कडक फरशीवर त्यांना बसायला अवघड जातं. गोधडी अंथरून बघा. वय किती? म्हातारा असेल तर कंबर दुखत असेल, डॉक्टरांना दाखवा.

माळरान:
नऊ वर्षांचा आहे. वर्षभर बसत नाही म्हणून मी कंबरेवर दाब देत होतो. माजलाय असं वाटलं होतं.

आज गोधडीवर दोनदा टेकला. सोमवारी उदगीरला दाखवायला नेतो. धाकाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण त्याच्या कंबरेला आता हात लावणार नाही.