मदत हवी आहे: डर्क विलेम्सच्या बर्फावरच्या प्रसंगाला दुसरा आधार आहे का?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी डर्क विलेम्सवर लेख लिहितोय. नेदरलँड्समधल्या आस्पेरेनचा हा अ‍ॅनाबाप्टिस्ट, म्हणजे प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. कापडाच्या गाठी मारून केलेल्या दोरीवरून कैदेतून निसटला, पातळ बर्फ ओलांडून सुटलाही. पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा डर्कने मागे फिरून त्याला बाहेर काढलं. त्या माणसाला डर्कला सोडून द्यायचं होतं, पण बर्गोमास्टरने (नगरप्रमुखाने) काठावरून त्याला त्याच्या शपथेची आठवण दिली. 1569 मध्ये डर्कला जाळलं.

अडचण अशी, की ही हकीकत मला फक्त व्हान ब्राख्टच्या 'मार्टर्स मिरर' या हुतात्म्यांच्या कथांच्या ग्रंथात मिळते. ते 1660 चं, म्हणजे 91 वर्षांनंतरचं, आणि लेखकही त्याच परंपरेतला. त्यात डर्कला शिक्षा सुनावणारा 16 मे 1569 चा निकाल उद्धृत केलाय. पण निकालात रॉटरडॅमला घेतलेला पुनर्बाप्तिस्मा, घरातल्या गुप्त सभा, तिथे इतरांचे झालेले बाप्तिस्मे आणि मालमत्तेची जप्ती एवढंच आहे. पलायनाचा, बर्फाचा उल्लेखच नाही!

इंग्रजी लेख बरेच चाळले, सगळे फिरून त्याच ग्रंथाशी येतात. यान लायकेनचं प्रसिद्ध चित्र 1685 च्या आवृत्तीतलं, त्यामुळे ते पुरावा म्हणून चालणार नाही.

डच येत नाही, पण उतारा छोटा असेल तर भाषांतर करून घेईन. पंथ बरोबर की चूक, हा वाद कृपया नको.

1660 पूर्वीच्या एखाद्या कागदात, हुतात्म्यांच्या जुन्या संग्रहात किंवा गीतात हा बर्फाचा प्रसंग कुणाला आढळलाय का, आणि असेल तर नेमका कुठे?