मदत हवी आहे: एचआयव्हीवरच्या संशोधनाचं संमतीपत्र साध्या मराठीत कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोलीकडची. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू आहे. प्रबंधाचा विषय असा की, एचआयव्हीवरची औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका ही गोष्ट घरात, गावात, कामावर कशी सांभाळतात. पंधरा-सोळा जणींशी बोलायचं आहे. त्याआधी नैतिकता समितीपुढे संमतीपत्र ठेवायचं आहे आणि घोडं तिथेच अडलंय.

मूळ मसुदा इंग्रजीत होता. मराठी भाषांतर पैसे देऊन करून घेतलं. त्यातलं पहिलंच वाक्य असं: "सदर संशोधनात सहभागी होणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घेण्यात येत आहे." मला वाचताना फारसं खटकलं नाही, कारण आम्ही दिवसभर असलंच वाचतो. मग ते माझ्या मावशीला वाचायला दिलं. तिचा या आजाराशी काही संबंध नाही, म्हणूनच तिला दिलं. मावशी सातवी शिकलेली. घरात बोलते कोकणी, पण पेपर मराठी वाचते आणि श्रावणात पोथी लावते. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचत गेली. "बाधित"पाशी बोट थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाधा म्हणजे बाहेरची काय गो?"

मी गप्पच झाले. आमच्याकडे बाधा म्हटलं की भूतबाधा, करणी, देवचाराची नड हेच डोक्यात येतं. ज्या बाईला आधीच सासरचे "हिला काहीतरी लागलंय" म्हणत असतील, तिच्या हातात मी तोच शब्द छापून देणार होते.

पुढे "जीवघेण्या आजाराने ग्रस्त" असंही होतं. ते तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, 1 एप्रिल 2004 पासून मिळते आणि 2017 पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, उपचार सुरू होतात. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येण्यापलीकडे खाली गेला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे कोणी नुसतं धीर द्यायला म्हटलेलं नाही. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. लवकर औषध सुरू केलेल्या गटात जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी कमी झालं, तो निकाल 2011 चा. पुढे युरोपात अभ्यास झाले, त्यांत विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. त्या पुण्याच्या जोडप्यांनीही कधीतरी असल्याच कागदावर सही केली असेल. तो कागद त्यांना किती कळला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता खऱ्या अडचणी सांगते.

नाव काढून टाकलं की गुप्तता झाली, असं पुस्तकात असतं. गोव्यात तसं होत नाही. मी कुठल्याही गावात बसमधून उतरले की पहिला प्रश्न येतो, "कोणाची गो तू?" प्रबंधात "पेडणे तालुका, नवरा ट्रॉलरवर होता, दोन मुली, हॉटेलात भांडी घासते" एवढं लिहिलं की त्या वाड्यावर नाव सांगायची गरजच उरणार नाही. मग लिहू काय आणि गाळू काय? सगळंच गाळलं तर त्या बाईचं आयुष्यच गळून जातं.

दुसरं सहीचं. जिला वाचता येत नाही, तिचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो. पण साक्षीदार म्हणजे गुपित कळलेलं आणखी एक माणूस.

आणि तिसरे शब्द. "माहितीपूर्ण संमती", "गोपनीयता", "कलंक", "जोखमीचा गट" यांना तोंडी चालणारे शब्द सुचवा.

हे सगळं मला इतकं का लागलंय तेही सांगते. डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाने रक्तदान केलं होतं. त्या रक्ताची तपासणी झाली, 1989 साली त्याला धड काही न सांगता पोलिसांनी नेलं आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटं डांबून ठेवलं. तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, हायकोर्टात दाद मागितली. डॉमिनिकने 1992 मध्ये पॉझिटिव्ह पीपल ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण हे घडलं आपल्या गोव्यात, आणि त्याची सुरुवात न विचारता केलेल्या एका तपासणीने झाली. मी ज्यांना भेटणार आहे त्यांतल्या कोणाला तरी ते आठवत असेल.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

---

जुनी_समुपदेशक:

ताई, मावशीला वाचायला दिलंत हे फार बरं केलंत. मी आयसीटीसीत (एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) बरीच वर्षं काढली (गोव्यात नाही, कोकणात), त्या अनुभवावरून लिहिते.

"एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती" हा शब्द संस्था वापरतात, कागदावर तो ठीक आहे. समोर बसलेल्या बाईशी बोलताना मात्र "तुम्हाला एचआयव्ही आहे" किंवा "तुमच्या गोळ्या चालू आहेत" एवढं पुरतं. "एड्सचा रुग्ण" कुठेच नको. एचआयव्ही असणं आणि एड्सची अवस्था येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोळ्या नीट चालू असलेल्या बहुतेकांना ती अवस्था येत नाही.

"माहितीपूर्ण संमती"ला आपल्याकडे सुरेख शब्द आहे: समजून-उमजून दिलेला होकार. "गोपनीयता राखली जाईल" असं लिहिलंत तर कोण राखणार तेच कळत नाही. "मी हे कोणालाही सांगणार नाही" असं लिहा. त्या वाक्यात "मी" हवाच, नाहीतर जबाबदारी कोणाचीच नाही.

"जोखमीचा गट" काढून टाका. लग्न होऊन घरात राहिलेल्या आणि नवऱ्याकडून लागण झालेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या. त्या कुठल्या गटातल्या?

"तुम्हाला कलंकाचा अनुभव आला का?" हा प्रश्न विचारूच नका. कलंक म्हणजे डाग, आणि तुम्ही तिलाच विचारता तुझ्या डागाचं काय. "गोळ्या घरात कुठे ठेवता?" एवढं विचारा. तासभर बोलेल.

---

वाळवंटीकाठ:

कायद्याचं थोडं. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 मध्ये फक्त तपासणी आणि उपचार नाहीत, संशोधनही आहे. म्हणजे समजून-उमजून दिलेल्या होकाराशिवाय संशोधन करणं हा नुसता शिष्टाचाराचा भंग नाही, कायद्याचा भंग आहे. कलम 8 प्रमाणे, कोर्टाचा तसा आदेश नसेल तर, स्वतःला एचआयव्ही आहे हे उघड करायची सक्ती कोणावर करता येत नाही. जोडीदाराला कळवण्याची जी तरतूद आहे ती डॉक्टर आणि समुपदेशकांपुरती आहे, तीही अटींसकट. त्या बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर त्यांनीही कळवायचं नाही. तुम्ही संशोधक आहात, तुम्हाला तो अधिकारच नाही. हे संमतीपत्रात सरळ लिहा: "मी तुमच्या नवऱ्याला, सासूला, मुलांना काही सांगणार नाही. तसा मला हक्कही नाही."

साक्षीदाराचं: तुमच्याबरोबर काम करणारा साक्षीदार चालणार नाही. केंद्रातली समुपदेशक घेतली तर तिला आधीच माहीत असतं हे खरं, पण मग बाईला वाटेल की नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील. म्हणून साक्षीदार कोण ते तिनेच ठरवावं. कागदावर सही राहण्याचीच भीती असेल तर लेखी सहीऐवजी तोंडी होकार चालेल का, हे समितीला कारण देऊन विचारा. मागण्यात गैर काही नाही.

---

नाव_नको:

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. आज लिहितो.

मला अकरा वर्षं झाली. दर खेपेला घरी सांगतो, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात शुगर दाखवून येतो. गोळ्यांची बाटली घरी नेण्याआधी लेबल सोलून टाकतो आणि आत कापूस भरतो, कारण रिकाम्या जागेत गोळ्या खुळखुळतात आणि धाकटा विचारतो. आता दिवसाला एकच गोळी आहे, तब्येत ठणठणीत आहे, विषाणू दिसत नाही. आजार म्हणून आता काही उरलेलं नाही, उरलंय ते लपवणंच.

या वर्षांत तीनदा वेगवेगळ्या लोकांना मुलाखत दिली. सगळे चांगलेच वागले. पण एकदाही कोणी परत येऊन सांगितलं नाही की आम्हाला काय सापडलं. मी सांगितलेलं कुठे छापलं, कोणी वाचलं, पत्ता नाही. एकदा तर रेकॉर्डिंग एका खासगी फोनवर घेतलं. तो फोन आपोआप सगळं इंटरनेटवर चढवतो हे मला नंतर सुचलं आणि बरेच दिवस झोप लागली नाही.

ताई, एवढं करा. रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावर घ्या, उतरवून झालं की पुसा, आणि पुसलं म्हणून कळवा. बोलायला घरी येऊ नका. कुठे भेटायचं ते आम्हाला ठरवू द्या आणि कदंबा बसच्या तिकिटाचे पैसे द्या. फोन करताना आधी विचारा की कोणत्या वेळी करू, आणि फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगू. आमच्या प्रत्येकाचं त्यासाठी काहीतरी ठरलेलं असतं. आणि शेवटी परत या. चार ओळी का होईना, पण तोंडाने सांगा.

---

जुनी_समुपदेशक:

दादा, लिहिलंत त्याबद्दल आभार. ताई, ओळख लपवण्याबद्दल यांच्याच बोलण्यातून उत्तर मिळतं. तालुका काढा, "उत्तर गोवा" पुरे. ट्रॉलर, काजूचा कारखाना, हॉटेल असं नेमकं न लिहिता "समुद्रावरचं काम", "रोजंदारी" लिहा. मुलांची संख्या गाळा. एकाच बाईची सगळी वाक्यं एका टोपणनावाखाली ओळीने देऊ नका, तुकडे जुळवून माणूस उभं राहतं. आणि छापण्याआधी तिची वाक्यं तिलाच वाचून दाखवा. "यावरून तुम्हाला कोणी ओळखेल का?" हा प्रश्न तिच्याइतका नीट कोणीच तपासू शकत नाही. ती म्हणेल ते काढा, भले ते तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य असेल.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव_नको दादा, तुमचं वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट मसुद्यात घेतली आहे. तोंडी होकाराची मागणीही समितीकडे करणार आहे.

नवी सुरुवात अशी केली आहे, चूक दिसली तर सांगा:

"मी शिकते आहे. एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या बायका घर आणि काम कसं सांभाळतात हे मला समजून घ्यायचं आहे. तुम्ही माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. नाही म्हणालात तर तुमच्या गोळ्यांवर, केंद्रातल्या तुमच्या कुठल्याच कामावर काही परिणाम होणार नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारण सांगू नका. तुमचं नाव, गाव, वाडा मी लिहिणार नाही. तुमचं बोलणं लिहून काढल्यावर आवाज पुसून टाकीन आणि तसं तुम्हाला कळवीन. काम संपल्यावर काय कळलं ते सांगायला मी परत येईन."

काल रात्री हे मावशीला दिलं. या वेळी बोट कुठे थांबलं नाही. शेवटपर्यंत वाचून तिने विचारलं, "परत कधी येणार ते लिहिलं नाहीस."

महिना आणि वर्ष घालते आहे.