'इंग्रजीच्या तासाला संस्कृती कशाला?' या पोस्टला उत्तर

खडूफळा
परवा इथे कुणीतरी लिहिलं की इंग्रजी हे नुसतं हत्यार आहे, शब्द शिकवा, व्याकरण शिकवा, त्यांची संस्कृती आमच्या पोरांच्या माथी मारू नका. खाली शंभर जणांचं 'अगदी बरोबर'. मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि आता ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि ते वाचून डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहितेय.

2000 साली आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या पहिल्या बॅचेस आज नोकरीला लागून जुन्या झाल्या. टेन्स येतात, पॅसिव्ह करता येतो. पण काम वेळेत झालं नाही हे साहेबाला कसं सांगायचं, नाही कसं म्हणायचं, कुणाच्या घरी कुणी वारलं तर मेलमध्ये काय लिहायचं, हे कुणी शिकवलंच नाही. माझा एक माजी विद्यार्थी क्लायंटला 'सेंड मी द फाइल टुडे' असं लिहायचा. व्याकरणाची एक चूक नाही, आणि समोरच्याला वाटायचं हा हुकूम सोडतोय. तोच मुलगा मराठीत इतक्या अदबीने मागतो की नाही म्हणवत नाही! हे वागणं भाषेबरोबर शिकवायचं नाही तर कधी?

बोर्डाला हे कळत नाही असं नाही. बारावीला 80 चा पेपर आणि 20 ची तोंडी आहे, व्ह्यू-काउंटरव्ह्यू म्हणजे एका विषयाच्या दोन्ही बाजू मांडणं आहे, मुलाखतीचे प्रश्न काढायला येतात. आणि पोरं ते सगळं गाइडमधून पाठ करतात. तोंडीचे मार्क तर कित्येक ठिकाणी तोंड न उघडताच पडतात. राग यायचा तर त्याचा यावा.

पाषाण_कोथरूड
मॅडम, ती पोस्ट माझीच. तुम्ही ज्याला संस्कृती म्हणताय ती तुमच्या वर्गात अदब असेल, आमच्याकडे काय आहे ते ऐका. मुलगी सीनिअर केजीत. ऑक्टोबर संपत आला की शाळेचा मेसेज, हॅलोविनला चेटकिणीचा ड्रेस घालून पाठवा, ड्रेसचं भाडं आपलं आपण. ट्रिक ऑर ट्रीट तिला पाठ आहे आणि सर्वपित्रीला आजोबांच्या नावाने पान का वाढतात हे माहीत नाही. हे इंग्रजी शिकवणं आहे का?

आणि ते डॅफोडिल्स. वर्डस्वर्थची 1807 साली छापलेली कविता, वडिलांनी पाठ केली, मी पाठ केली, दोघांनीही ते फूल कधी बघितलं नाही. अरुण कोलटकरांनी जेजुरीवर इंग्रजीत लिहिलं, 1976 ला पुस्तक आलं, 1977 ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. खंडोबा इंग्रजीत मावतो ना? मग आपलंच जग इंग्रजीत शिकवा.

निळी_शाई_नांदेड
'आपलंच जग' म्हणजे कुणाचं, दादा? सावित्रीबाईंच्या 1854 च्या 'काव्यफुले' या कवितासंग्रहात इंग्रजीला माउली म्हटलंय. ज्यांना आपल्या संस्कृतीने पाटीला हात लावू दिला नाही त्यांना ती माउलीच वाटणार. माझी बहीण आमच्या घरातली पहिली, जिने कंपनीत इंटरव्ह्यू दिला. विषय तिला येत होता, इंग्रजीही येत होतं. पण मोठ्या माणसासमोर मान खाली आणि विचारलं तेवढंच बोल, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. 'अजिबात कॉन्फिडन्स नाही' असा शेरा मारून परत पाठवली. समोर बघून बोलायचं, आपणहून प्रश्न विचारायचा, हे कोथरूडच्या पोराला जेवणाच्या टेबलावर मिळतं. आम्हाला ते शाळेत नाही मिळालं तर कुठेच मिळत नाही. म्हणून 'फक्त व्याकरण शिकवा' हे वाक्य मला फार महागात पडणारं वाटतं.

पाषाण_कोथरूड
जातीवर न्यायची काही गरज नव्हती. मी भाड्याच्या ड्रेसबद्दल बोलत होतो.

निळी_शाई_नांदेड
मी नेली नाही. ती तिथेच होती.

सिस्टर_लीड्स
मी लातूरची, इथे इंग्लंडात वॉर्डला नर्स आहे. परदेशात काम करायला नर्स-डॉक्टर इंग्रजीची जी ओईटी परीक्षा देतात, तिच्यात बोलण्याचे दोन रोल-प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे. 2018 पासून त्यात भाषेबरोबर पेशंटशी नातं कसं जोडता, त्याचं म्हणणं कसं समजून घेता, याचेही मार्क आहेत. म्हणजे संस्कृती बाजूला काढून ही परीक्षा पासच होता येत नाही.

आमच्या क्लासमधली एक हुशार मुलगी मॉकला अडकायची ती इथेच. आजी पेशंट आहेत, मुलगा विचारतो आईला काय झालंय. हिने सगळं मुलाला सांगितलं, बिनचूक इंग्रजीत. कारण आपल्याकडे रिपोर्ट मुलाच्याच हातात देतात. इथे आजी शुद्धीवर आहेत, तर आधी त्यांना विचारायचं, कुणाला सांगू, किती सांगू.

आणि 'त्यांची संस्कृती' जन्मजात असते असं समजू नका. केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या, त्यांच्या लक्षात आलं की कॉटपाशी येणारा माणूस आपलं नावसुद्धा सांगत नाही. 2013 ला त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. इंग्रजांनासुद्धा इंग्रजीत कसं वागायचं ते शिकवावं लागलं.

जुना_बीएस्सी
सिस्टर, बाकी ठीक, पण ते आजीचं पटलं नाही. आमच्या वडिलांना कॅन्सर आहे हे आम्ही चौघा भावंडांनी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. अल्सर आहे म्हणालो. रोज संध्याकाळी कट्ट्यावर जात होते, हसत होते. सांगितलं असतं तर महिन्याभरात खचले असते. यालाही संस्कृती म्हणतात, आणि ती कुठल्या परीक्षेत चूक ठरवलेली मला चालणार नाही.

मीनल_नाशिक
काका, आम्हीही आईपासून लपवलं. ती रोज विचारायची, एवढी औषधं कशाला. तिला तिच्या बहिणीशी बोलायचं होतं, कित्येक वर्षं अबोला होता. पुढे बोलू, पुढे बोलू करत राहिली, कारण पुढे वेळ आहे असंच तिला वाटत होतं. मावशी आली तेव्हा आई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. तुमचे वडील हसत होते, आनंद आहे, पण त्यांना माहीत नव्हतंच हे तुम्हाला कसं माहीत?

जुना_बीएस्सी
माझ्या वडिलांबद्दल तुम्ही मला सांगणार? आम्ही रात्री जागवल्यात.

मीनल_नाशिक
जागवल्या आम्हीही. प्रेम कमी होतं असं म्हटलेलंच नाही.

पाषाण_कोथरूड
धागा कुठे चाललाय! पण मी काकांच्या बाजूने. असले निर्णय घरचे घेतात, नर्स कोण?

सिस्टर_लीड्स
नर्स काहीच ठरवत नाही, तेच तर म्हणतेय. पेशंट म्हणू शकतात की मला काही कळायला नको, सगळं मुलाशी बोला. तेही इथे मान्य आहे. फक्त ते त्यांनी म्हणायचं, आपण धरून चालायचं नाही. काकांच्या वडिलांना इथे विचारलं असतं तर कदाचित त्यांनीही तेच सांगितलं असतं.

जुना_बीएस्सी
कदाचित. ते विचारण्याची हिंमत आमच्यात नव्हती, तेवढं खरं.

खडूफळा
पाषाणभाऊ, हॅलोविनचा ड्रेस मी कधीच मागितला नव्हता, त्या शाळेशी तुम्ही जरूर भांडा. पण भोपळा कोरणं आणि माणसाशी बोलणं या दोन गोष्टी तुम्ही एकाच पोस्टमध्ये कोंबल्यात, आणि लोक दोन्ही काढून टाका म्हणतायत.

पाषाण_कोथरूड
बरं, बोलण्याची रीत शिकवा, तेवढं मान्य. डॅफोडिल्सवर मी हटणार नाही.

खडूफळा
नका हटू. कोलटकर मीही शिकवायला तयार आहे, पुस्तकात जागा बोर्डाने द्यायची. सिस्टर, तुमचा तो आजीचा प्रसंग मी अकरावीच्या तोंडीला घेणार आहे. नर्स, मुलगा, आजी. आधी मराठीत करून बघतील, मग इंग्रजीत.

जुना_बीएस्सी
घ्या. फक्त मुलाचं काम करणाऱ्याला गाढव ठरवू नका. त्याचीही बाजू मांडू द्या, तीही इंग्रजीत.