एमएस असणाऱ्यांची कॉग्निटिव्ह (लक्ष, स्मरण, विचारांचा वेग यांची) चाचणी दरवर्षी व्हायलाच हवी

वर्तकनगरची (धागाकर्ती):
माझ्या नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा हा आजार. दर तपासणीला डॉक्टर त्याला २५ फूट चालायला लावतात, गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, डोळ्यांसमोर बोट फिरवतात, एमआरआय लावून बघतात आणि "स्थिर आहे" म्हणतात. घरी मला वेगळंच दिसतं. तो हिशेबाची कामं घरून करतो. व्हाउचर चढवताना मध्येच फोन वाजला, की फोन ठेवल्यावर आपण कुठवर आलो होतो तेच त्याला सापडत नाही. मग पुन्हा पहिल्या व्हाउचरपासून. जीएसटी भरायच्या दिवसांत रात्री एक-एक वाजेपर्यंत हेच चालतं. हाच माणूस पूर्वी फोनवर बोलता बोलता बेरजा करायचा.

एमएसची तीव्रता ज्या ० ते १० च्या ईडीएसएस मापाने मोजतात, त्यात ४ च्या पुढचा आकडा मुख्यतः चालण्यावरच ठरतो. म्हणजे पाय धड असतील तर माणूस धड! शार्को या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच एमएसच्या रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते असं नोंदवलं होतं. १९९१ साली स्टीफन राव या संशोधकांनी अमेरिकेत १०० रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली, तेव्हा ४३ टक्क्यांमध्ये आकलनाचा दोष आढळला. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात दिसलं, की शारीरिक अपंगत्व सारखं असूनही आकलन बिघडलेल्यांपैकी नोकरीत टिकलेले कमी होते. घर चालायचं असेल तर हे पायांइतकंच मोजलं पाहिजे. निदान झाल्याबरोबर एकदा आणि मग दरवर्षी. तुम्हाला काय वाटतं?

ऐरोलीकर:
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी पूर्ण विरोधात आहे. मला स्वतःला एमएस आहे. मेडिक्लेमसाठी कंपनीने (नाव लिहीत नाही) फाइल मागितली, त्यात असाच एक रिपोर्ट होता. "प्रोसेसिंग स्पीड (म्हणजे समजून उत्तर द्यायचा वेग) कमी" एवढीच ओळ. पुढच्या अप्रेझलनंतर मला क्लायंटच्या कामातून काढून डॉक्युमेंटेशनला बसवलं, "तुझी दगदग कमी व्हावी म्हणून". माझ्या कामातली एकही चूक कोणी दाखवली नव्हती.

आणि ती चाचणी झाली कशी ते ऐका. मे महिना, भर दुपार. ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्याने आलो. एमएसमध्ये शरीर तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, त्याला उथॉफची लक्षणं म्हणतात, हे इथल्या प्रत्येक रुग्णाला माहीत आहे. पोचल्यावर पाचच मिनिटांत समोर कागद ठेवला. तो आकडा माझ्या मेंदूचा होता की त्या प्रवासाचा?

तळावपाळीचे काका:
मी वेगळ्या कारणाने विरोधात आहे. माझ्या पुतणीला हा आजार आहे. ज्यावर गोळी नाही ते मोजून काय करणार? पोरगी आधीच खचलेली आहे. तिच्या हातात आणखी एक वाईट आकडा कशाला द्यायचा?

ओटी_वाशी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी; अशा चाचण्यांचं काम रोज करते, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, एसडीएमटी. कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांचे नऊ अंक दिलेले असतात. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. ९० सेकंदांत जितक्या चिन्हांचे अंक सांगता येतील तितके सांगायचे. अंक तोंडी सांगता येतात, त्यामुळे हात थरथरत असला तरी अडत नाही. एमएसमध्ये सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त मंदावतो तो हाच वेग. बुद्धी शाबूत असते, शब्द आठवतात, पण उत्तर यायला वेळ लागतो आणि दोन गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत. वर्तकनगरच्या ताईंनी व्हाउचरचं जे लिहिलंय ते हेच असू शकतं. याच्या जोडीला शब्दांची यादी ऐकून आठवायची आणि आकृत्या बघून काढायच्या, अशा दोन चाचण्या घेतल्या की २०१२ साली सुचवलेला बायकॅम्स संच होतो. साधारण १५ मिनिटांचं काम. काही ठिकाणी अजूनही "आज वार कोणता, हे शहर कोणतं" विचारणारी मिनी मेंटल घेऊन "नॉर्मल" लिहितात. ती डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) आहे. एमएसमधला दोष तिच्यातून सहज निसटतो.

अमेरिकेच्या नॅशनल एमएस सोसायटीच्या २०१८ च्या शिफारशींतही हेच आहे: सुरुवातीला एसडीएमटी किंवा तशीच चाचणी, मग दरवर्षी पुन्हा.

ऐरोलीकर, तुमची चाचणी चुकीची घेतली गेली. यावर माझं दुमत नाही. पण चुकीच्या वेळी घेतलेला रक्तदाब चुकतो म्हणून रक्तदाब मोजणं कोणी सोडत नाही.

काका, गोळी नाही हे खरं आहे. पण उपाय नाहीतच असं नाही. गोष्ट रचून आणि मनात चित्र उभं करून लक्षात ठेवायची एक पद्धत आहे, तिची नीट चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि एमएसच्या रुग्णांचं शिकणं-आठवणं तिने सुधारलं. शिवाय आकडा कमी आला की आम्ही आधी दुसरी कारणं शोधतो. झोप, थकवा, बी१२, थायरॉइड, लघवीच्या त्रासासाठी चालू असलेल्या काही गोळ्या, आणि नैराश्य. एमएसमध्ये नैराश्य फार आढळतं आणि त्यावर औषध आहे. "माझं डोकं चालत नाही" ही रुग्णाची तक्रार पुष्कळदा चाचणीच्या आकड्यापेक्षा नैराश्याशी जास्त जुळते. मोजल्याशिवाय यातलं काय आहे हे कळणार कसं? तुमची पुतणी खचली आहे म्हणता, मग तिची तर आधी व्हायला हवी.

कोपरखैरणे_१५:
ओटीताई, तुमचं सगळं पटलं, पण एक राहिलं. माझी आई चौथी शिकलेली. तिला एमएस आहे. तिच्यासमोर ही चिन्हं ठेवली तेव्हा "हे काय आहे, कशासाठी आहे" हे कळण्यातच तिचा अर्धा वेळ गेला. आयुष्यात तिने कधी पेपर सोडवला नाही. रिपोर्टवर "तीव्र दोष" लिहून आलं. तीच आई आमची भिशी सांभाळते. कोणी किती भरले, कोणाचे राहिले, वहीत न बघता सांगते. तुलना कोणाशी केली? कॉलेज शिकलेल्या परदेशी माणसांशी?

ओटी_वाशी:
अगदी बरोबर प्रश्न आहे. वय आणि शिक्षण धरून काढलेल्या आपल्याकडच्या सरासरीशीच तुलना व्हायला हवी. ती हाताशी नसेल तर "तीव्र दोष" असा शिक्का मारणं चूक आहे, मी असा रिपोर्ट लिहिणार नाही. शब्दांच्या यादीचंही तेच, इंग्रजी यादीचं घाईघाईने मराठी करून चालत नाही. पण म्हणूनच पहिली चाचणी लवकर हवी. मग आईंची तुलना आईंशीच होते. एसडीएमटीत आधीच्यापेक्षा ४ गुण घसरले तर आम्ही गांभीर्याने बघतो. एक लक्षात ठेवा, दुसऱ्या वेळी सरावाने गुण थोडे वाढतात, म्हणून कागदाचा दुसरा नमुना वापरतात. आणि भिशीचं जे सांगितलंत ते रिपोर्टमध्ये लिहून घ्यायचा आग्रह धरा. घरचा माणूस काय बघतो ते चाचणीइतकंच मोलाचं असतं.

ऐरोलीकर:
माझ्या मुद्द्याला अजून कोणी हात घातला नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे, मान्य. पण नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, पद कमी करता येणार नाही, हे कलम २० मधलं संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांनी काय करायचं? दरवर्षी चाचणी म्हणजे दरवर्षी एक कागद, आणि कागद कोणाच्या हाती पडेल ते आपल्या हातात नसतं.

वर्तकनगरची:
तुमच्यावर झालेला अन्याय मी हलक्यात घेत नाही. पण कागद नसल्यामुळे काय होतं तेही बघा. ह्याचे दोन जुने क्लायंट गेले. "आता पूर्वीसारखं लक्ष नाही त्यांचं, आळशी झालेत," असं एकाने मला तोंडावर सांगितलं. माझ्या सासूबाईही तेच म्हणतात. ह्याच्याकडे दाखवायला काहीच नाही. आजारामुळे होतंय हे तो स्वतःलाही पटवू शकत नाही, रात्री जागून दुप्पट काम करतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी थकतो. न मोजण्याची किंमत आमचं घर रोज मोजतंय. रिपोर्ट रुग्णाच्या हातात द्यावा, क्लेमच्या फाइलला जोडू नये, असा नियम मागू या. त्यासाठी चाचणीच नको हे मला मान्य नाही.

ऐरोलीकर:
नियम आधी येऊ द्या. तोवर मी दुसऱ्यांदा बसणार नाही, आणि नोकरी करणाऱ्या कोणालाही बसायला सांगणार नाही. तुमच्या यजमानांचं वेगळं आहे, त्यांचा साहेब तेच. त्यांनी जरूर करावी.

तळावपाळीचे काका:
ओटीताई, नैराश्याचं वाचून घरी बोललो. पुतणी तयार आहे. पण तिला पंधरा दिवसांपूर्वीच एमएसचा अटॅक (लक्षणं एकदम उफाळून) येऊन स्टेरॉइडच्या सलाइन लागल्या. आत्ता आणू का?

ओटी_वाशी:
चाचणीसाठी आत्ता नको काका, अटॅक आणि स्टेरॉइडनंतर निदान महिनाभर जाऊ द्या. मनाच्या खचण्याबद्दल मात्र न्यूरोलॉजिस्टशी याच आठवड्यात बोला, ते थांबवू नका. चाचणीला सकाळची वेळ घ्या. आल्यावर अर्धा तास गार जागी बसू द्या, चष्मा असेल तर आणा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणा. डोळ्याच्या नसेला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर तेही सांगा, कारण चिन्हं नीट दिसली नाहीत तरी गुण कमी येतात.