अजव्याचे दरवाजे, विश्वामित्री आणि सोसायटीतलं पाणी: अर्ज कुणाकडे?

समा_रोड
वडोदऱ्यात विश्वामित्री नदी काठाबाहेर यायच्या आधीच आमच्या सोसायटीत पावसाळी चेंबरमधून पाणी उलटं वर येतं. नदीच्या वरच्या बाजूच्या अजवा तलावाचे दरवाजे बंद ठेवले तर हे थांबेल का? आणि अर्ज महापालिकेला द्यायचा, पाटबंधारे खात्याला की कलेक्टरला?

रावपुराकर
दरवाजे बंद ठेवून फारसं साधणार नाही. अजवा महापालिकेचा पिण्याच्या पाण्याचा तलाव, मातीचं धरण. ६२ दरवाजे २११ फुटांवर ठेवले की त्यावरचं पाणी आपोआप विश्वामित्रीत जातं. तलाव भरतो २१४ फुटांना, म्हणजे हातात जागा तीनच फुटांची. ती आधीच भरली तर पावागढ-हालोलकडे जोराचा पाऊस झाल्यावर येणारं सगळं पाणी एकदम खाली सोडावं लागतं. शिवाय शहराच्या वर मिळणाऱ्या सूर्या नदीचं पाणी अजव्यात येतच नाही, ते थेट शहरात.

दुसरं टोक लोक विसरतात. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते. देव धरणातून सोडलेलं पाणीही ढाढरमध्येच येतं, आणि ते धरण राज्याच्या पाटबंधारे खात्याचं. ढाढर फुगली की विश्वामित्री उतरत नाही, मग अजव्याचा विसर्ग थांबवूनही काळा घोडा पुलाजवळ मोजल्या जाणाऱ्या नदीपातळीचा आकडा तासन्‌तास हलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तो ३५ फुटांपलीकडे गेला होता. म्हणून अजवा आणि देवचे विसर्ग एकमेकांना विचारूनच ठरायला हवेत, नुसती 'माहितीसाठी प्रत' पाठवून भागत नाही.

कांसवाला
तुमचा त्रास नदीचा कमी, गटाराच्या तोंडाचा जास्त. नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं चढतं. तोंडाला फ्लॅप व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण आत न घेणारी झडप. पण त्यात प्लॅस्टिक किंवा फांदी अडकली की झडप अर्धवट उघडी राहते, म्हणून मे महिन्यात उघडून साफ करायचा. शिवाय झडप लागली की तुमचं स्वतःचं पावसाचं पाणी आत कोंडतं. एक हेक्टरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर. तासाला दीड लाख लिटर उपसणारा पंपही जवळपास सात तास घेईल. तेव्हा झडप आणि पंप दोन्ही एकत्र मागा. पंपाला डिझेल जनरेटर हवाच, पुरात वीज आधी बंद करतात.

दांडिया_बाजार
अर्जाचं असं करा. चेंबर, कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला), झडप: महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. कांस शहराच्या हद्दीबाहेर गेली असेल तर प्रत वुडा (वडोदरा शहरी विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायतीला. रुळाखालचं गरनाळं (मोरी) असेल तर रेल्वेला. सगळ्यांची एक प्रत कलेक्टरला, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, आणि खात्यांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार तिथेच आहे. अर्जाला नकाशा, चेंबरचा फोटो आणि पाणी चढलं त्या वेळची काळा घोड्याची पातळी जोडा. 'पाणी भरतं' एवढंच लिहिलं की अर्ज फिरत राहतो.

नदीतला गाळ काढायची मागणी असेल तर वनखातंही आलं. विश्वामित्रीतल्या मगरी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडाला निघतात, त्यामुळे तिथे मशीन उतरवायला सवड थोडीच असते. अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका.

समा_रोड
आणि ऐन पुरात?

दांडिया_बाजार
१०७७, जिल्हा नियंत्रण कक्ष. एनडीआरएफची तुकडी वडोदऱ्याजवळ जरोदलाच आहे, पण ती कक्षामार्फतच येते. पत्त्यासोबत मजला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं किती ते सांगा, बोट त्यावर ठरते.