बॅटरीवालं बिस्किट जॉइंटर घेतलं म्हणून कपाट जास्त टिकत नाही

पटाशी:
परवा 'साइटवाला' यांनी लिहिलं की बॅटरीवरचं बिस्किट जॉइंटर (दोन फळ्यांत लाकडी चकती, म्हणजे 'बिस्किट', बसवून जोडायला खाच पाडणारं मशीन) हेच आता खरं हत्यार, वायरवालं भंगारात द्या, आणि जो मिस्त्री अजून खिळा-फेविकॉलवर कपाटाचा बॉक्स जोडतो तो गिऱ्हाइकाला फसवतो. हे शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून वेगळा धागा.

बिस्किट मुळात कशासाठी आहे? स्वित्झर्लंडमधल्या लिस्टालच्या हेरमान श्टाइनर या सुताराने १९५० च्या दशकात ते काढलं, कारण तेव्हा नव्याने आलेला चिपबोर्ड (लाकडाचे बारीक तुकडे गोंदाने दाबून केलेली फळी) जोडायला सोपी रीत हवी होती. दाबून पातळ केलेली बीच लाकडाची चकती पाण्याच्या गोंदाने फुगते आणि खाचेत घट्ट बसते. खाच चकतीपेक्षा थोडी लांब असते, म्हणून जोडताना फळी जराशी सरकवता येते. दोन फळ्या एका पातळीत आणणं हे तिचं मुख्य काम. सागवानी फळ्या कडेला कडा लावून चिकटवल्या तर ताकद गोंदाचीच. खुर्चीचा पाय बिस्किटावर उभा करणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही, तिथे कुसूच हवं, म्हणजे त्याच लाकडातून काढलेलं, खाचेत बसणारं टोक.

राहिली बॅटरी. वायरवाल्याचं पातं मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, काही बॅटरीवाल्यांचं साडेसहा हजारांच्या आसपास. शिवाय वजन जास्त. कारखान्यात टेबलाशेजारी प्लग असताना हे कशाला घ्यायचं?

साइटवाला:
पटाशीसाहेब, तुमच्या टेबलाशेजारी प्लग आहे. माझ्या साइटवर नाही. पुण्याकडच्या वाकड-ताथवड्याच्या नव्या टॉवरमध्ये एकदा या. फ्लॅटचं मीटर बसलेलं नसतं, बिल्डरच्या तात्पुरत्या लाइनवर टाइल्सवाला, पीओपीवाला आणि आम्ही. टाइल्सवाल्याने कटर लावला की आमचं मशीन गुरगुरतं. नव्या फरशीवर वायर ओढली की मालकाचा फोन. तुम्ही ही कटकट कधी सोसली आहे का?

आणि फेऱ्यांचं म्हणाल, तर बिस्किटाची खाच किती सेकंदांची? दाबलं, गेलं, मागे आलं. सँडर (लाकूड घासायचं मशीन) तासभर सलग चालतो, त्याला बॅटरी पुरत नाही हे कळतं. इथे भार क्षणाचा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. त्यात एका वॉर्डरोबच्या खाचा आरामात होतात. बॅटरी शोभते असं हत्यार असेल तर हेच.

गुण्या:
दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. मशीन कुठलंही घ्या, प्लायच जाडीला कमी असेल तर काय करणार? १८ मिमी म्हणून पैसे मोजायचे आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला की सतरा. बिस्किट मधोमध बसणार कसं? कडा वर-खाली होणारच.

पटाशी:
नाही होणार. दोन्ही फळ्यांचा बाहेरचा चेहरा धरून फेन्स (खाचेची उंची ठरवणारी मशीनची आडवी पट्टी) लावा. बाहेरची बाजू सपाट येते, जाडीचा फरक आत जातो. मधल्या शेल्फच्या टी-जॉइंटला, म्हणजे शेल्फ उभ्या फळीला काटकोनात भिडतं तिथे, फेन्स काढून मशीनचा तळ टेकवा. पेन्सिलीची रेघ जाडीच्या मधोमध मारणारे लोक मग प्लायला शिव्या देतात.

गुण्या:
म्हणजे चोरी दुकानदाराची आणि दोष माझ्या रेघेचा? तुम्ही आधीच्या ओळीत कारागिराची बाजू घेत होतात ना! आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकात (१९८९ ची आवृत्ती) सहा मिमी आणि त्यापुढच्या जाडीला पाच टक्के सूट आहे. १८ ला म्हणजे १७.१ पर्यंत. त्याखाली गेला तो माल नियमात बसतच नाही. मागच्या लॉटमधल्या शीटची एक कड आणि दुसरी कड यांतच फरक होता. एकाच शीटमध्ये! तिथे बाहेरचा चेहरा धरून काय होतं? मागची पॅनेल बसवताना आतली फट दिसतेच, आणि गिऱ्हाईक मलाच विचारतं.

आराखडा:
गुण्या यांचं शंभर टक्के पटतं. मी डिझाइन करते, ड्रॉइंगमध्ये १८ धरून शटरचा, म्हणजे कपाटाच्या दारांचा, हिशोब लावते. साइटवर सतराच्या फळ्या. दोन फळ्यांच्या जाडीत दोन मिमी गेले की ड्रॉवर चॅनलची (ड्रॉवर सरकतो त्या पट्टीची) जागा हलते. त्यात मिस्त्री म्हणतो, "मॅडम, ड्रॉइंग चुकलंय." मी आता माल उतरतानाच जाडी मोजायला लावते, पैसे नंतर.

साइटवाला:
ताई, माल उतरताना मोजायचं म्हणता, पण टेम्पोवाला थांबतो का? रस्त्यात लावलेला असतो, वॉचमन ओरडतो. आणि परत पाठवलं तर दुकानदार पुढच्या वेळी उधारी बंद करतो. आमचा धंदा उधारीवर चालतो.

आराखडा:
उधारी बंद होईल म्हणून गिऱ्हाइकाच्या घरात कमी जाडीचा माल घालायचा? मग खिळेवाल्याला फसवणारा म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

साइटवाला:
मी घालतो असं म्हटलं नाही. अडचण सांगितली. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

रत्नांग्री:
भांडण चालू ठेवा, पण पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे जूनला पाकीट फोडलं की जुलैत बिस्किटं खाचेत शिरत नाहीत, हवेनेच फुगतात. भावाने हातोडीने ठोकून बसवली, एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची) कड फुटली. झाकण घट्ट बसणारी बरणी, आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या. फुगलेली असतील तर मंद ओव्हनमध्ये सुकवून घ्या. मशीन बॅटरीचं की वायरचं हा प्रश्न त्यानंतर येतो.

पटाशी:
रत्नांग्री, हे धाग्यातलं सगळ्यात कामाचं. मी एक भर घालतो, तीही बॅटरीवाल्यांना आवडणार नाही. भुसा. साइटवर बॅटरीचं मशीन बहुतेक जण कापडी पिशवी लावून चालवतात, ती थोड्या वेळात भरते आणि उरलेला भुसा बंद खोलीत पोराच्या नाकात. लाकडाचा भुसा कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ लाच नोंदवलंय. एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा गोंद. कारखान्यात मी व्हॅक्यूमचा पाइप लावतो. व्हॅक्यूमला वायर लागतेच ना? मग जॉइंटरची वायर तेवढी जड होते?

साइटवाला:
भुशाचं मान्य. हेल्परला मास्क देतो, तो उकाड्यात गळ्यात घालून फिरतो, त्याला मी काय करू? बॅटरीचा व्हॅक्यूमही मिळतो, पण त्याची किंमत बघून बोला.

कारखान्यात वायरवालं ठेवा, भंगारात देऊ नका, एवढं तुमच्यासाठी सोडतो. साइटवर मात्र मी बॅटरीच वापरणार. आणि खिळ्याबद्दल: बॉक्स चौकोनात बसवून, स्क्रूला आधी भोक पाडून, शिकंजा लावून गोंद सुकेपर्यंत थांबणारा मिस्त्री फसवत नाही. असे किती आहेत ते तुम्हीच सांगा.

पटाशी:
आहेत. स्क्वेअर फुटाच्या दरात त्यांना गोंद सुकेपर्यंत थांबण्याचे पैसे कोण देतं ते आधी सांगा.

गुण्या:
कुणीही काही देत नाही, कारण सगळे पैसे सतराच्या प्लायला अठराच्या भावात गेले. बिलावर जाडी मिमीमध्ये आणि आयएसआयचा नंबर लिहून घ्या. जो दुकानदार लिहायला नाही म्हणतो, त्याच्याकडचा माल उचलू नका.