अँगसचा गोऱ्हा वळू म्हणून राखावा की खच्ची करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका गोऱ्ह्यावरून माझा निर्णय अडला आहे. आमचा मांसासाठी पाळलेल्या अँगस गायींचा लहान कळप आहे. यंदाच्या वासरांत एक काळा गोऱ्हा असा निघालाय की कुरणावर येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. वय अडीच महिने. जन्माच्या वेळी वजन ३३ किलो. गाय रात्री आपली आपण व्याली, कुणाला हात लावावा लागला नाही. पाठ सरळ, अंगाने लांब, चाल मोकळी, दोन्ही वृषण खाली उतरलेले.

बाकीचे गोऱ्हे आम्ही खच्ची करूनच वाढवतो आणि ते काम लहानपणीच उरकतो. म्हणून याचंही आता ठरवायला हवं.

खरी ओढ त्याच्या आईमुळे आहे. तिचं हे चौथं वेत. दर वर्षी वेळेवर गाभण राहते, कास आटोपशीर, सड बारीक, खूर कधी छाटावे लागले नाहीत. अशा गायीचा गोऱ्हा खच्ची करायचा म्हणजे जिवावर येतं. बाप आमचाच सध्याचा वळू. त्याचं वय झालंय, त्याच्या जागी दुसरा लागणारच आहे, मग घरचाच का नको, असं वाटतं. घरच्यांचं मत ‘ठेव’. शेजारच्या जाणत्या काकांचं मत ‘शंका आली की खच्ची’.

इतक्या लहान वयात तुम्ही काय बघून ठरवता? आणि थांबायचंच झालं तर कधीपर्यंत? स्वभाव गरीब आहे, स्वतःहून जवळ येतो आणि माझ्याकडून कपाळ खाजवून घेतो.

प्रतिसाद १

ताई, गोऱ्ह्याआधी कळप बघा. तुमच्या गायींपैकी किती जणी या सध्याच्या वळूच्या मुली आहेत? त्या सगळ्या या गोऱ्ह्याच्या सावत्र बहिणी. सावत्र भावाबहिणीपासून झालेल्या वासरात १२.५ टक्के अंतःप्रजनन येतं. तो आपल्या आईवरच उडाला तर २५ टक्के. याचा फटका आधी गाभण राहण्याला बसतो, मग वासरं जगण्याला आणि वाढीला. दिसायला कितीही देखणा असला तरी हे गणित बदलत नाही.

अँगसमध्ये आणखी एक गोष्ट जपावी लागते. या जातीत काही सुप्त जनुकीय दोष आहेत. २००८ मध्ये उघडकीला आलेल्या एका दोषात वासरू वाकड्या कण्याचं आणि ताठ पायांचं, मेलेलंच जन्मतं. दोष वाहून नेणारा वळू दिसायला अगदी निरोगी असतो. दोष वाहणारी गाय आणि दोष वाहणारा वळू एकत्र आले की दर वेताला चारात एक अशी शक्यता. नात्यातच पैदास केली की असे दोन वाहक समोरासमोर येण्याचा धोका वाढतो. शेपटीच्या गोंड्याचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत पाठवले की हे तपासून मिळतं, बापाची खात्रीही होते.

धागाकर्ती

कळपातल्या निम्म्याहून थोड्या जास्त गायी याच वळूच्या मुली आहेत. हा विचार मी आईच्या गुणांच्या भरात बाजूला ठेवला होता. पण गोऱ्हा दुसऱ्या कुणाच्या कळपासाठी वळू म्हणून वाढवायचा ठरवला तर?

प्रतिसाद २

आम्ही पैदाशीचे वळू तयार करतो, त्यामुळे या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

अडीच महिन्यांचा गोऱ्हा बघून ‘हा वळूच’ असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ‘हा नाही’ असं मात्र सांगता येतं. एकच वृषण उतरलाय, मागचे पाय फार सरळ किंवा फार वाकलेले आहेत, आईची कास लोंबती आहे, विताना ओढून काढावं लागलंय, यातलं काहीही असेल तर विषय तिथेच संपतो. तुमचा गोऱ्हा ही पहिली चाळणी पार करतो. जन्मवजनही चांगलं आहे, पहिलारू कालवडींना असाच वळू लागतो.

पुढची चाळणी दूध तोडताना. तेव्हाचं नुसतं वजन बघून फसू नका, ते २०५ दिवसांवर आणा. तोडण्याच्या वेळच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, २०५ ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. समजा, २०० व्या दिवशी तो २४० किलो भरला, तर आकडा येतो साधारण २४५. गाय पहिल्या-दुसऱ्या वेताची असेल तर त्यात वरून भर घालतात, कारण तिला दूध कमी असतं. हा आकडा फक्त त्याच कुरणावर, त्याच चाऱ्यावर वाढलेल्या गोऱ्ह्यांशी ताडून बघायचा. तुमचे बाकीचे गोऱ्हे खच्ची केलेले असल्यामुळे तिथेच अडचण आहे. एकट्याच राहिलेल्या गोऱ्ह्याची तुलना कुणाशी करणार?

वळूची निवड इतकी कडक का, तेही सांगतो. घरच्याच कालवडी राखणाऱ्या कळपात शेवटच्या तीन वळूंचा वाटा ८७.५ टक्के होतो. एका गायीची चूक वर्षाला एका वासरात दिसते, वळूची चूक सगळ्या कळपात. म्हणून नोंदणी, जनुकीय चाचणी आणि वाढीचे आकडे नसलेला वळू दुसरा पशुपालक चांगला दाम देऊन घेणार नाही. तुम्ही वर्षभर खुराक, वेगळं कुंपण आणि जोखीम सोसाल आणि शेवटी तो मांसासाठीच जाईल, तोही उशिरा खच्ची केलेला.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्यक आहे. मला धाग्यातली सर्वांत काळजीची ओळ कपाळ खाजवून घेण्याची वाटली. ताई, तो गरीब स्वभाव नाही, माणसाची भीड गेली आहे. कळपातले गोऱ्हे डोक्याला डोकं लावूनच आपला दर्जा ठरवतात. आज तुमच्या हाताला कपाळ लावणारा गोऱ्हा दीड वर्षाने साडेपाचशे-सहाशे किलोचा होऊन तेच करेल. लळा लावलेले वळू माणसाला जास्त धोकादायक ठरतात. तो वळू राहो न राहो, डोक्याला हात लावणं आजपासून बंद करा. स्वभाव ताडायचा तर त्याला खोड्यात घेतल्यावर आणि कळपातून एकटा बाजूला काढल्यावर बघा.

थांबण्याबद्दल माझं मत वरच्या प्रतिसादापेक्षा थोडं वेगळं आहे. आज खच्ची केलेला परत वळू होत नाही, राखलेला मात्र नंतर खच्ची करता येतो. त्यामुळे खरंच उपयोगाचा असेल तर दूध तोडेपर्यंत थांबण्यात गैर नाही. पण वय वाढेल तसं दुखणं, रक्तस्राव आणि वाढ खुंटण्याचा काळ वाढतो. मोठ्या गोऱ्ह्याला भूल आणि वेदनाशामक हवंच. रबरी कडी वापरत असाल तर धनुर्वाताची लस विसरू नका. काही देशांत ठरावीक वयानंतर हे काम पशुवैद्यकानेच करावं असा कायदा आहे. सहा-सात महिन्यांनंतर त्याला कालवडींत सोडायचं नाही. आठ-दहा महिन्यांचा गोऱ्हा गाभण घालू शकतो आणि एवढ्याशा कालवडीला वितानाचा त्रास जिवावर बेततो.

राखलाच तर वळू करायचा म्हणून चारून लठ्ठ करू नका. अंडकोशाच्या मानेत चरबी साठली की वृषणांना थंडावा मिळत नाही आणि वीर्य बिघडतं. एक वीर्यपेशी तयार व्हायला दोन महिने लागतात, त्यामुळे आजचा बिघाड उशिरा कळतो. वर्षाचा झाल्यावर अंडकोशाचा घेर निदान ३० सेंटीमीटर हवा आणि नमुन्यात ७० टक्के वीर्यपेशी निर्दोष हव्यात. घेर चांगला असलेल्या वळूच्या मुली लवकर माजावर येतात, हा त्यातला मोठा फायदा.

प्रतिसाद १

ताई, अजून एक सुचवतो. तुम्हाला या गोऱ्ह्यात खरं तर त्याची आई हवी आहे. वेळेवर गाभण राहणं, चांगली कास, टिकाऊ खूर हे सगळं तिच्या मुलींतूनही मिळेल. बाहेरच्या, नात्यात नसलेल्या वळूचं रेतन तिला करा. कालवडीसाठी लिंगनिश्चित वीर्य घेतलंत तर दहात नऊ वेळा कालवडच होते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचल्यावर मनातला गुंता सुटला. माझ्या कळपात याला वापरता येणार नाही आणि दुसऱ्याला देण्याजोगे पुरावे माझ्याकडे नाहीत. गोऱ्हा या आठवड्यातच पशुवैद्यकांकडून भूल देऊन खच्ची करून घेते, लसही आधीच देऊन ठेवते.

आईचं रेतन मात्र लगेच करायचं आहे. गाभणकाळ २८३ दिवस धरला तर पुढचं वेत वर्षाच्या आत येण्यासाठी ती विल्यापासून ८२ दिवसांत गाभण राहायला हवी, म्हणजे हाच माज. तिला वळू निवडताना सोपं विणं आणि मुलींचं दूध, या दोन्हींत जास्त वजन कशाला द्यावं? तिच्या वासरांची वाढ आधीच चांगली आहे, त्यामुळे वाढीचे आकडे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवणार आहे. आणि लिंगनिश्चित वीर्याने गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, तर या एकाच माजावर भिस्त असताना साधं वीर्य वापरणं बरं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा, ती चार-पाच दिवसांत माजावर यायची आहे.